बास फिशिंग: रॉड-रीळपासून स्पर्धेच्या वजनकाट्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बास म्हणजे नेमका कोणता मासा?

अमेरिकेत कुणी नुसतं 'बास' म्हटलं की बहुतेक वेळा लार्जमाउथ बास समजायचा. त्याच्या खालोखाल स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड. तिघेही गोड्या पाण्यातले आणि सनफिशच्या कुळातले. सी बास नावाने विकले जाणारे मासे किंवा आपल्या खाडीतला जिताडा यांच्याशी त्यांचं जवळचं नातं नाही.

ओळखायला जबडा बघा. तोंड मिटलेलं असताना लार्जमाउथच्या वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे जातं, स्मॉलमाउथचं डोळ्याखालीच संपतं. लार्जमाउथ हिरवट असतो आणि अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळपट पट्टा असतो. त्याला पाणवनस्पती, बुडालेली झाडं, धक्क्यांच्या सावल्या आवडतात. स्मॉलमाउथ तपकिरी, उभ्या पट्ट्यांचा. त्याला खडक आणि गार, स्वच्छ पाणी हवं. झुंज द्यायला त्याच वजनाचा स्मॉलमाउथ सरस, यावर फारसं कुणी वाद घालत नाही.

एकच रॉड घ्यायचा तर कोणता?

सात फुटी, मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शनचा स्पिनिंग रॉड (ज्याचं रीळ खालच्या बाजूला लटकतं), त्यावर २५०० किंवा ३००० आकाराचं रीळ. दुसरा घेण्याची वेळ आली की सात फुटीच, पण मीडियम-हेवी बेटकास्टिंग रॉड (ज्याचं रीळ वर बसतं). या दोघांवर बास फिशिंगचा बराच मोठा भाग निभावतो. स्पर्धकांच्या बोटीवर पंधरा-वीस रॉड पसरलेले दिसतात ते वेगळ्या कारणाने: आमिष बदलायला, गाठ मारायला त्यांना वेळ घालवायचा नसतो. तुमच्यामागे घड्याळ लागलेलं नाही.

पॉवर आणि ॲक्शन यात फरक काय?

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट रॉड शेंड्याकडे वाकतो, मॉडरेट रॉड जवळजवळ मध्यापासून.

जाड, एकेरी गळ माशाच्या जबड्यात रुतवायचा असेल (जिग म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, टेक्सास रिग म्हणजे गळावर लपवून अडकवलेला प्लास्टिकचा किडा) तर फास्ट रॉड लागतो, कारण हिसक्याचा जोर वाया जात नाही. क्रँकबेटला (माशाच्या आकाराचं, ओढलं की बुडी मारणारं कडक आमिष) मात्र बारीक तिहेरी गळ असतात आणि ते ओठाच्या पातळ कातडीत कसेबसे अडकतात. तिथे ताठ रॉडने ओढलंत तर गळ कातडी फाडून सुटतो. म्हणून क्रँकबेटला मऊ, खोलवर वाकणारा रॉड. माशाने बोटीजवळ उसळी मारली की हा फरक लगेच कळतो.

रिळाचा गिअर रेशो किती असावा?

७:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली चकरी, सात वेळा फिरतो. सर्वसाधारण कामाला ६ ते ७ च्या आसपासचा रेशो चालतो. खोल जाणारे क्रँकबेट पाण्यात खूप ओढ देतात, त्यांना ५ च्या घरातलं रीळ बरं. जिग किंवा टेक्सास रिगला उलट वेगवान रीळ हवं, ८ च्या घरातलंही चालेल. बास आमिष तोंडात घेऊन तुमच्याच दिशेने पोहत येतो तेव्हा ढिली लाईन झटपट गुंडाळता आली पाहिजे.

बेटकास्टरमध्ये गुंता का होतो? प्रत्येक वेळी घरटं तयार होतं!

फेकलेलं आमिष हवेत मंदावतं, पण स्पूल मंदावत नाही. लाईन बाहेर जाण्यापेक्षा जास्त वेगाने सुटते आणि स्वतःवरच गुंडाळली जाते. एवढंच त्यामागचं शास्त्र.

उपाय तीन, आणि तिघेही एकत्र लागतात. आधी हँडलच्या बाजूची टेन्शनची चकती. आमिष शेंड्याशी धरा, बटण दाबा, आमिष सावकाश खाली जाऊ द्या. ते जमिनीला टेकताक्षणी स्पूल थांबला पाहिजे. पुढे फिरत राहिला तर चकती थोडी घट्ट करा. मग दुसऱ्या बाजूचे ब्रेक, चुंबकी असोत की सेंट्रिफ्यूगल. सुरुवातीला ते जवळजवळ पूर्ण लावून ठेवा आणि हात बसेल तसे कमी करा. तिसरा उपाय म्हणजे अंगठा. फेक सुरू असताना तो स्पूलवर पिसासारखा टेकलेला हवा आणि आमिष पाण्याला लागायच्या क्षणी दाबलेला. वाऱ्याच्या विरुद्ध फेकताना आणि हलकं आमिष वापरताना अंगठ्याला सर्वांत जास्त काम पडतं.

गुंता झालाच तर लाईन उपसत बसू नका. अंगठा गुंत्यावर घट्ट दाबा, हँडलचे दोन-तीन फेरे फिरवा, मग बटण दाबून लाईन हळू ओढा. बहुतेक गुंते या एका युक्तीने सुटतात. उरलेल्यांसाठी कात्री.

लाईन कोणती? तंगूस चालेल का?

तंगूस, म्हणजे मोनोफिलामेंट, अजूनही चालतं. ते ताणलं जातं आणि सहसा लवकर बुडत नाही, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर चालवायच्या आमिषांना ते बरं पडतं. फ्लुरोकार्बन पाण्यात बुडतं, कमी दिसतं, खडकावर घासलं तरी तग धरतं आणि तळाचा स्पर्श हाताला चांगला पोहोचवतं. जिग, टेक्सास रिग, क्रँकबेट यांना १२ ते १७ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाची ओढ झेलणारी) फ्लुरो ही नेहमीची निवड. विणलेली ब्रेड लाईन जवळजवळ ताणली जातच नाही आणि जाडीच्या मानाने फार मजबूत असते. दाट वनस्पतीत फ्रॉग, म्हणजे पोकळ रबरी बेडूक, चालवायचा तर ५० ते ६५ पौंडी ब्रेडशिवाय मासा बाहेर येत नाही.

स्पिनिंग रिळावर १० ते १५ पौंडी ब्रेड आणि पुढे ६ ते १० पौंडी फ्लुरोचा काही फुटांचा लीडर (आमिषाकडचा जोडतुकडा) हा आजचा सर्रास प्रकार आहे.

गाठ?

पालोमर. ब्रेड असो वा फ्लुरो, दोन्हीवर टिकते आणि अंधारातही मारता येते. आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरो कमकुवत होतं. ब्रेडला लीडर जोडायला डबल युनी शिकायला सोपी, एफजी गाठ बारीक आणि मजबूत पण चिकाटी मागते.

आमिषांचे शेकडो प्रकार आहेत. सुरुवात कुठून करू?

प्लास्टिकच्या किड्यापासून. ओहायोतल्या ॲक्रन शहरात निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचा किडा तयार केला. इतक्या वर्षांत दुकानं भरून नवी आमिषं आली, तरी टेक्सास रिगवरचा किडा आपली जागा सोडत नाही.

तो असा बांधतात. आधी गोळीच्या आकाराचं वजन लाईनमध्ये ओवायचं, टोक रॉडच्या बाजूला. पाव औंसापासून सुरुवात करा. मग ३/० चा ऑफसेट गळ बांधा. गळाचं टोक किड्याच्या डोक्यात साधारण पाव इंच घुसवून बाजूने बाहेर काढा, गळ वर सरकवत त्याची वाकवलेली मान डोक्यात बसवा, गळ अर्धा फिरवा आणि टोक पुन्हा किड्याच्या अंगात लपवा. किडा सरळ लोंबला पाहिजे. मधे फुगवटा किंवा वळण राहिलं तर तो पाण्यात भोवऱ्यासारखा फिरतो, लाईन पिळली जाते आणि मासा तोंड फिरवतो. टोक लपलेलं असल्याने हा किडा फांद्यांतून, गवतातून न अडकता निघतो. बास जिथे राहतो तिथे नेमकी हीच गरज असते.

दुसरं आमिष स्पिनरबेट (फिरत्या पात्यांचं) किंवा चॅटरबेट (थरथरत्या पात्याचं): गढूळ पाणी, वारा, भराभर पाणी पालथं घालायचं असेल तेव्हा. तिसरं साधं जिग. चौथा नेड रिग, छत्रीसारख्या चपट्या डोक्यावर तीन इंची काडी, जो मासे सुस्त असताना कामाला येतो. या चारांत हात बसेपर्यंत पाचवं घेऊ नका, असं माझं मत. आमिष बनवणाऱ्यांना ते पटणार नाही.

ड्रॉप शॉट, वॅकी, कॅरोलायना: हे काय?

प्लास्टिक मांडण्याच्या पद्धती. ड्रॉप शॉटमध्ये वजन लाईनच्या टोकाला आणि गळ त्याच्या फूटभर वर, त्यामुळे आमिष तळापासून अधांतरी राहतं. वॅकीमध्ये किडा मधोमध गळावर अडकवून दोन्ही टोकं थरथरत बुडू द्यायची. करायला इतकं सोपं की लहान मुलंही मासे काढतात. कॅरोलायनात जड वजन पुढे आणि आमिष दोन-तीन फूट मागे तरंगत येतं, मोठा तळ चाचपायला उपयोगी.

रंग कोणता?

स्वच्छ पाण्यात ग्रीन पंपकिन किंवा वॉटरमेलन, गढूळ पाण्यात काळा-निळा. छोट्या माशासारखं दिसणारं आमिष असेल तर पांढरा किंवा चंदेरी. यापलीकडची चर्चा हिवाळ्यात घरी बसून करायची.

मासा कुठे असतो?

गळ-दोऱ्याबद्दल जितके प्रश्न येतात त्याच्या दहावा हिस्साही या प्रश्नाच्या वाट्याला येत नाही, आणि स्पर्धा जिंकली जाते ती याच उत्तरावर. महागडा रॉड रिकाम्या पाण्यात मासा काढत नाही.

बास थंड रक्ताचा. पाण्याचं तापमान त्याचं वेळापत्रक ठरवतं. वसंतात पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या वर सरकू लागलं की मासे खोल पाण्यातून उथळ खाड्यांकडे निघतात. ते वाटेत टप्प्याटप्प्याने थांबतात: मुख्य पात्राकडे झुकलेलं टोक, खाडीचं तोंड, उतार जिथे अचानक बदलतो ती जागा. वर्षातले सर्वांत वजनदार मासे याच काळात मिळतात, कारण माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात. साठीच्या घरात तापमान पोहोचलं की प्रजनन. नर शेपटीने तळ झाडून घरटं करतो आणि अंडी-पिल्लांची राखण तोच करतो. फ्लोरिडात हे जानेवारी-फेब्रुवारीतही दिसतं, उत्तरेकडच्या राज्यांत मे-जून उजाडतो.

उन्हाळ्यात दोन गट पडतात. काही मासे दाट वनस्पती आणि धक्क्यांच्या सावलीत राहतात, बाकीचे खोलातले उंचवटे आणि जुन्या, बुडालेल्या नदीपात्राच्या कडा धरतात. खोल तलावात या दिवसांत पाण्याचे थर पडतात. खालच्या गार थरात प्राणवायू इतका कमी होतो की तिथे आमिष सोडणं व्यर्थ. सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, हा थर धूसर पट्ट्यासारखा दिसतो; त्याच्या वरच राहा.

शरद ऋतूत शॅड नावाच्या छोट्या माशांचे थवे खाड्यांच्या आत शिरतात आणि बास त्यांच्या मागे जातो. या मोसमात मी तळाचा नकाशा बाजूला ठेवून आधी पाण्यावर उसळणारे शॅड आणि घिरट्या घालणारे पक्षी शोधतो. हिवाळ्यात उभ्या उताराचे किनारे, आणि जर्कबेट, म्हणजे झटके देऊन चालवायचं लांबट कडक आमिष. दोन झटके, मग थांबा. किती? कंटाळा येईल इतकं, आणि वर थोडं.

चावा ओळखायचा कसा?

किड्यावर येणारा चावा फार क्वचित धडाकेबाज असतो. बोटाला एक 'टक्' जाणवते, किंवा तेही नाही. आमिष बुडत असताना ढिली लाईन अचानक उडी मारते, बाजूला सरकते, किंवा तळ यायच्या आधीच थांबते. कधी वजनच नाहीसं होतं, कारण माशाने ते उचललेलं असतं. शंका आली की रॉड खाली न्या, ढील गुंडाळा, हिसका द्या.

अपवाद पोकळ रबरी फ्रॉगचा. गवतावर पाणी फुटलेलं बघून हात आपोआप वर जातो आणि फ्रॉग तोंडावर परत येतो. माशाचं वजन हाताला जाणवेपर्यंत थांबा. हे लिहायला सोपं आहे.

बोटीच्या पुढचे मासे पडद्यावर दाखवणारं सोनार घ्यावं का?

२०१८ मध्ये गार्मिन कंपनीचं लाइव्हस्कोप हे सोनार आलं आणि खेळ बदलला. पूर्वीचं सोनार बोटीखाली काय होतं ते सांगायचं. हे समोर काय आहे ते त्याच क्षणी दाखवतं: मासा, तुमचं आमिष, मासा वळला की नाही, सगळं. मोकळ्या पाण्यात तरंगणारे मासे, जे आधी जवळजवळ कुणाच्या हाती लागत नसत, ते आता स्पर्धा जिंकून देतात.

त्यावरून भांडणंही जुंपली. २०२५ च्या बास प्रो टूर या व्यावसायिक मालिकेत ती भरवणाऱ्या मेजर लीग फिशिंगने दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकातच त्याची मुभा दिली. माझं म्हणाल तर नवशिक्याने आधी साधं सोनार आणि तळाचा नकाशा वाचायला शिकावं. पडद्यावर मासा दिसणं आणि त्याने तोंड उघडणं यांत बरंच अंतर असतं. खर्चही हलका नाही: पडदा, ट्रान्सड्यूसर, बॅटऱ्या मिळून कित्येक हजार डॉलर सहज जातात.

स्पर्धा सुरू कशा झाल्या?

अलाबामातल्या माँटगोमेरीचे विमा एजंट रे स्कॉट यांनी जून १९६७ मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर १०६ स्पर्धक जमवले, प्रवेश फी १०० डॉलर. त्यातून बास अँग्लर्स स्पोर्ट्समन सोसायटी उभी राहिली. १९७१ मध्ये तिची सर्वांत मोठी स्पर्धा, बासमास्टर क्लासिक, पहिल्यांदा झाली. २४ जणांना विमानात बसवलं आणि लेक मीडला चाललोय हे हवेत गेल्यावर सांगितलं, म्हणजे आधी जाऊन कुणी सराव करायला नको. बॉबी मरे जिंकले, बक्षीस १०,००० डॉलर. आज क्लासिकच्या विजेत्याला ३ लाख डॉलर मिळतात. रिक क्लन आणि केव्हिन व्हॅनडॅम यांनी ती प्रत्येकी चार वेळा जिंकली आहे.

स्कॉट यांचं मोठं काम माझ्या मते १९७२ चं. मासे मारू नका, जिवंत आणा आणि सोडा, ही मोहीम त्यांनी स्पर्धेतच सुरू केली.

गुण कसे मोजतात?

रूढ पद्धतीत दिवसाचे सर्वांत वजनदार पाच मासे. सहावा आणि मोठा मिळाला की लाइव्हवेलमधला (बोटीतली जिवंत मासे ठेवायची टाकी) सर्वांत लहान सोडून द्यायचा, याला कलिंग म्हणतात. प्रत्येक माशाला क्रमांकाचा टॅग लावलेला असला तर कोणता लहान हे शोधत बसावं लागत नाही. जिवंत आमिष चालत नाही. एका वेळी एकच रॉड पाण्यात.

२०१९ ला सुरू झालेल्या बास प्रो टूरने वेगळी वाट धरली: ठरलेल्या किमान वजनावरचा प्रत्येक मासा बोटीवरच पंचासमोर तोलायचा, लगेच सोडायचा आणि सगळ्यांची बेरीज. तिथे पाच मोठ्यांच्या शोधापेक्षा सतत मासे लागत राहणं महत्त्वाचं.

मासा जिवंत ठेवायचा कसा?

खालच्या ओठाला धरून उभा लोंबवा, पण मोठा मासा आडवा करून ओठाने पेलू नका, जबडा निखळतो. दुसरा हात पोटाखाली हवा. हात ओले असू द्या म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही.

उन्हाळ्यात लाइव्हवेलचा पंप बंद करू नका. पाणी बर्फाने थोडं गार करा, एकदम नाही. पंचवीस-तीस फुटांहून खोल पाण्यातून काढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि तो कलंडून वर तरंगतो. सुईने ती हवा सोडता येते, पण जाणकाराने हातात हात धरून शिकवल्याशिवाय तो प्रयोग करू नका. मेलेल्या माशाला वजनात दंड बसतो. दंड नसलेल्या क्लबच्या स्पर्धेतही मी हाच नियम पाळतो, आणि न पाळणाऱ्याच्या बोटीत पुन्हा बसत नाही.

लबाडी होत नाही का?

होते. २०२२ मध्ये लेक ईरीवरच्या एका स्पर्धेत विजेत्यांच्या माशांच्या पोटातून शिशाचे गोळे निघाले आणि प्रकरण कोर्टात गेलं. ते मासे वॉलाय जातीचे होते, बास नव्हेत, पण त्याने सगळेच आयोजक सावध झाले. विजेत्यांची पॉलिग्राफ (खोटं पकडणारी) चाचणी घेण्याची पद्धत बास स्पर्धांत त्याआधीपासून आहे.

स्पर्धेत उतरायला बोट लागते का?

नाही. बऱ्याच क्लबांत आणि काही मोठ्या मालिकांत को-अँग्लर म्हणून भाग घेता येतो: दुसऱ्याची बोट, तुम्ही मागच्या डेकवर. बोट कुठे न्यायची हे मालक ठरवतो, त्यामुळे त्याने चाळलेल्या पाण्यातून मासा काढायचा. शिकायला यासारखं दुसरं काही नाही. जाताना मोजके रॉड आणि एक छोटी बॅग न्या, पेट्रोलच्या खर्चात वाटा द्या आणि लाईफ जॅकेट स्वतःचं ठेवा. मोठं इंजिन सुरू असताना ते अंगात असणं आणि चालकाला किल स्विचची (तो पडला तर इंजिन बंद करणारी) दोरी जोडलेली असणं सक्तीचं असतं.

लायसन्स?

प्रत्येक राज्याचं वेगळं. दोन राज्यांच्या सीमेवरच्या तलावात कुठलं लायसन्स कुठवर चालतं ते आधी बघा. किमान लांबी, पकडीची मर्यादा हेही राज्यागणिक आणि कधी तलावागणिक बदलतं. न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांत लून पक्ष्यांच्या बचावासाठी छोट्या शिशाच्या वजनांना बंदी आहे. तिथे टंगस्टन वापरा. तलाव सोडताना बोटीतलं पाणी काढून, बोट पुसून, वाळवूनच दुसरीकडे न्या. उपद्रवी झेब्रा शिंपले याच वाटेने पसरतात.

सर्वांत मोठा बास कुणी पकडला?

विक्रम दोघांचा मिळून आहे. जॉर्ज पेरी, २ जून १९३२, जॉर्जियातलं माँटगोमेरी लेक, २२ पौंड ४ औंस. आणि मनाबू कुरिता, २ जुलै २००९, जपानमधलं बिवा सरोवर. कुरितांचा मासा जेमतेम एका औंसाने जड भरला, पण २५ पौंडांखालचा विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून बरोबरी. गंमत अशी की जपानमध्ये बास हा परका, उपद्रवी मासा समजला जातो आणि बिवात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई आहे.

वजनाला पोहोचायला उशीर झाला तर?

बासमास्टरच्या नियमांत दर मिनिटाला एक पौंड कापतात आणि पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर त्या दिवसाचं सगळं वजन बाद. दुपारचा वारा बहुतेक सकाळपेक्षा जास्त असतो आणि लाटांत बोटीचा वेग निम्म्यावर येतो, तेव्हा सकाळी जायला जितका वेळ लागला तितकाच परतीला धरू नका. मोठ्या तलावावर मी अर्धा तास जास्तीचा ठेवतो, लॉक (बोटी वर-खाली नेणारं जलकवाड) ओलांडायचं असेल तर त्याहून जास्त.